ग्रीन फर्म, दोघांचं भांडण आणि टक्केवारीची फी

पत्र (थोडं कापून देतेय):

आम्ही नवरा-बायको पुण्यात घरांचं रिनोव्हेशन आणि इंटिरियर करतो, इको-फ्रेंडली पद्धतीने. नवरा आर्किटेक्ट, मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, साईट बघते, शिवाय हिशोब, जीएसटी, मटेरियल, क्लायंटचे फोन सगळं माझ्याकडे. पहिल्यापासून एकच मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. आता बाणेरचा एक थ्री बीएचके आलाय. बिल्डिंग जेमतेम सहा वर्षांची, पण क्लायंटला सगळ्या टाइल्स उखडून, किचन काढून नवीन "सस्टेनेबल" घर हवंय, बजेट १८ लाख. नवरा म्हणतो तोडफोड करायची नाही, भिंतींना चुन्याचं प्लास्टर करू, ७ लाखांत होतं, पटत नसेल तर काम नको. आमची फी कामाच्या १० टक्के. डोक्यावर घराचा हप्ता आहे. मी काम घेऊया म्हटलं तर मी तत्त्वं विकायला निघाले असं ऐकावं लागलं. प्लायवाला डीलर कट देतो म्हणाला, त्यावरूनही भांडण. क्लायंट मला म्हणतात "मॅडम, जरा सरांना फोन द्या." मामाही दुसरीकडे जायचं म्हणतायत. मला एका मोठ्या फर्ममध्ये नोकरीची ऑफर आहे, घेऊ का? येत्या शुक्रवारी क्लायंटची मीटिंग आहे. आणि जाता जाता, तो शेणाचा खादी पेंट खरंच चांगला असतो का? — एक वाचक, कर्वेनगर

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचून मी आधी कॅल्क्युलेटर काढला. १८ लाखांवर १० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. ७ लाखांवर १० टक्के म्हणजे ७० हजार. म्हणजे तुमच्या नवऱ्याने डोकं चालवून क्लायंटचे ११ लाख वाचवले आणि त्याचं बक्षीस म्हणून तुमच्या घरातून १ लाख १० हजार गेले. आता मला सांगा, यात तत्त्वं कुणी विकली आणि कुणी विकत घेतली? हे भांडण तुमच्या स्वभावांचं नाहीच मुळी, हे त्या १० टक्क्यांचं आहे. सलाईन लावलं तरच डॉक्टरला फी मिळणार असेल तर "काही नाही, पाणी प्या, बरं वाटेल" असं सांगणारा डॉक्टर किती दिवस दवाखाना चालवेल?

टक्केवारीची फी ही नवीन बांधकामाची पद्धत आहे, तिथे ती ठीक आहे. पण ज्या फर्मचा धंदाच "जुनं वाचवा, कमी तोडा" हा आहे तिने टक्केवारीवर काम घ्यायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. जेवढं काम चांगलं तेवढी फी कमी. आणि मग होतं काय की एक जण तत्त्वाचा माणूस ठरतो आणि दुसरी, जी हप्त्याची तारीख लक्षात ठेवते, ती लोभी ठरते. तुमच्या नवऱ्याची तत्त्वं मला आवडली, खरंच आवडली, पण ती सध्या तुमच्या पगारावर चालू आहेत आणि तो पगार कुणी ठरवलेलाच नाही.

म्हणून शुक्रवारच्या मीटिंगआधी दोघांनी बसून फी बदला. पहिल्या व्हिजिटचे आणि पाहणी रिपोर्टचे वेगळे पैसे. काम घेतलं नाही तरी ते मिळाले पाहिजेत, कारण खरं डोकं तिथेच लागतं. त्यानंतर डिझाईनची ठोक रक्कम, कार्पेट एरियावर, काम ७ लाखांचं होवो की १७ लाखांचं, ती हलणार नाही. आणि साईटवरच्या देखरेखीचे महिन्याचे पैसे वेगळे. क्लायंट कुरकुर करेल, "बाकीचे तर पहिली व्हिजिट फ्री देतात" म्हणेल. बाकीचे फ्री देतात कारण ते नंतर प्लायमध्ये काढतात, हे त्याला हसत हसत सांगायला काही हरकत नाही.

आता बाणेरच्या फ्लॅटकडे येऊ, कारण तिथे तुमचं पारडं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जड आहे. क्लायंटला "पर्यावरण वाचवा" सांगू नका, त्याला वजन सांगा. थ्री बीएचकेत समजा ९०० स्क्वेअर फूट फ्लोरिंग आहे. टाइल आणि तिच्या खालचा दोन इंच माल असं सगळं उखडलं तर साधारण १० टन राडारोडा होतो. दहा टन! हा सगळा गोण्यांत भरून सोसायटीच्या लिफ्टने नाहीतर बिगाऱ्यांच्या डोक्यावरून खाली जाणार, वॉचमन कटकट करणार, सेक्रेटरीचा मेल येणार, आणि मग तो टेम्पो कुठे जातो हे पुण्यात सगळ्यांना माहितीये, रात्री नदीकाठी नाहीतर टेकडीच्या पायथ्याशी. २०१६ पासून बांधकामाच्या राडारोड्याचे केंद्राचे वेगळे नियम आहेत, राडारोडा ज्याचा त्याने वेगळा करून योग्य जागी पोचवायची जबाबदारी त्याचीच. म्हणजे कायद्याने हे दहा टन क्लायंटचे आहेत, टेम्पोवाल्याचे नाहीत. हे एक वाक्य कोटेशनमध्ये वाहतुकीच्या खर्चासकट लिहा आणि मग बघा टाइल्स किती सुंदर दिसायला लागतात ते.

आणि उखडायच्या आधी मामांना घेऊन एक फेरी मारा. काठीच्या टोकाने प्रत्येक टाइल वाजवायची, चारही कोपरे आणि मध्ये. भरीव असेल तर टणक आवाज येतो, खाली माल सुटला असेल तर बद्द वाजते. बद्द वाजेल तिच्यावर खडूने फुली. सहा वर्षांच्या बिल्डिंगमध्ये फुल्या सहसा बाथरूमच्या दाराशी आणि बाल्कनीच्या उंबऱ्याशी जास्त सापडतात, बाकी हॉल ठणठणीत असतो. हे सगळं क्लायंटसमोर करा. आपल्या घराची लादी कुणीतरी एवढ्या आस्थेने वाजवून बघतंय हे पाहिल्यावर माणूस जरा विरघळतोच. किचनचंही तसंच, ट्रॉल्यांचे बॉक्स शाबूत असतील तर फक्त शटर आणि चॅनल बदला, दिसायला नवं किचन, राडारोडा जवळपास शून्य.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. बाणेर-बालेवाडीकडच्या अलीकडच्या बऱ्याच बिल्डिंगा मिवान पद्धतीच्या आहेत, म्हणजे भिंती विटांच्या नाहीत, स्लॅबसारख्या काँक्रीटच्याच, आणि बिल्डिंगचा भार त्याच भिंतींवर असतो. तिथे भिंत पाडणं सोडा, वायरिंगसाठी खोल झिरी मारणंसुद्धा धोक्याचं. क्लायंटच्या मनातलं "किचन ओपन करून टाकू" तिथेच संपतं. आणि तुमच्या नवऱ्याचं चुन्याचं प्लास्टरही तिथेच संपतं, सॉरी! चुन्याला धरायला दगड, वीट, माती असा श्वास घेणारा पृष्ठभाग लागतो. जिप्सम, पुट्टी आणि त्यावर प्लास्टिक पेंटचे दोन-तीन हात असलेल्या भिंतीवर चुना नीट धरत नाही, पोपडे धरतो आणि वर्षभरात क्लायंट तुम्हाला फोटो पाठवत बसतो. चुना वाड्याला शोभतो, कोकणातल्या चिऱ्याच्या घराला शोभतो. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चुन्याचा हट्ट म्हणजे इन्स्टाग्रामसाठी केलेली हिरवळ. नवऱ्याला हे वाचून दाखवा, माझ्यावर रागावू दे. (तीच गोष्ट चेट्टिनाडहून ट्रकने येणाऱ्या त्या अथंगुडी टाइल्सची. सुंदर आहेत, हाताने केलेल्या आहेत, पण तमिळनाडूहून पुण्यापर्यंत ट्रकचं डिझेल जाळून आणायच्या आणि त्यासाठी चांगली लादी उखडायची, याला इको-फ्रेंडली म्हणायचं तर मग अवघड आहे.)

फ्लॅटमध्ये खरं वाचतं ते न दिसणाऱ्या गोष्टींत, आणि तिथेच तुमचं, म्हणजे तुमचं स्वतःचं, कौशल्य आहे. जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, बीएलडीसी (म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. थ्री बीएचकेत सहा-सात पंखे, उन्हाळ्यात दिवसरात्र चालू, हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. नळांना एरेटर, शंभर-दोनशे रुपयांची चकती, पाणी निम्म्यावर येतं. पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही महाग पडदा लावा, काच तापली की ऊन घरात आलेलंच असतं, ते बाहेरच अडवायला लागतं, बाहेरून बांबूची चिक नाहीतर वाळ्याचा पडदा, सोसायटीने परवानगी दिली तर. प्लाय घेताना फॉर्माल्डिहाइडची, म्हणजे प्लायच्या गोंदातून सुटणाऱ्या वायूची, ग्रेड विचारायची, ई-झिरो (सगळ्यात कमी) नाहीतर किमान ई-वन. नवीन कपाट उघडल्यावर डोळ्यांतून पाणी येतं ना, ते त्याचंच. क्लायंटकडे लहान मूल असेल तर हा एक मुद्दा सगळ्या हिरव्या गप्पांपेक्षा जास्त पटतो.

कटबद्दल. प्लायवाला, लॅमिनेटवाला, टाइलवाला, सगळे डिझायनरला कट देतात, हे काही गुपित राहिलेलं नाही, क्लायंटलाही अंदाज असतोच. तुम्ही तो घ्यावा असं तुम्हाला वाटलं यात मला पाप काही दिसत नाही, ऑफिसचं भाडं कशातून भरायचं हा खरा प्रश्न आहे. पण तुमच्या धंद्यात तो विषारी आहे, कारण कट मिळतो नव्या मालावर. जुनं सागवानी दार घासून परत बसवलं तर कोणता डीलर कट देणार? म्हणजे परत तीच गत, वाचवाल तेवढं गमवाल. डीलरला सांगा कट नको, तेवढा डिस्काउंट बिलात दाखव, आणि ते बिल क्लायंटला जसंच्या तसं द्या. फी ठोक झाली की तुम्हाला हे परवडेल. आज टक्केवारीवर असताना नवऱ्याने नुसतं "घ्यायचा नाही" म्हणून टाळ्या मिळवणं सोपं होतं, भाडं तुम्ही भरत होतात.

आता मामा. पत्रात त्यांच्या जाण्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मला मात्र तीच सगळ्यात गंभीर वाटली. नवऱ्याचं ड्रॉइंग कुणीही काढेल, तुमचं एक्सेल कुणीही भरेल (रागावू नका), पण जुनी लादी न फोडता काढणारा, फुटलेल्या चौकटीला नवा तुकडा असा बसवणारा की सांधा शोधायला लागावा, असा माणूस गेला की तुमची फर्म म्हणजे नुसतं एक इन्स्टाग्राम पेज उरेल. लॉरी बेकर यांचं नाव तुमच्या नवऱ्याच्या तोंडी दिवसातून दोनदा असेल, आर्किटेक्ट लोकांच्या असतंच. १९१७ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला जन्मलेला हा आर्किटेक्ट १९४५ मध्ये भारतात आला आणि इथेच राहिला, तिरुवनंतपुरमला शेकडो स्वस्त आणि देखणी घरं बांधली, विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची ती रॅट ट्रॅप बॉण्डची भिंत आपल्याकडे रुजवली ज्यात विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात. पण त्यांचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की ते मध्ये ठेकेदार घालत नसत, स्वतः साईटवर उभं राहून गवंड्यांसोबत काम करत, आणि ते गवंडी त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९८५ मध्ये त्यांच्यासकट काही जणांनी कॉस्टफोर्ड ही संस्था काढली, बेकर २००७ मध्ये गेले, संस्थेचं काम चालू राहिलं. नाव एकाचं, पण हात बाकीच्यांचे होते आणि ते हात टिकले.

आपल्या पुण्यातच जन्मलेल्या आर्किटेक्ट अनुपमा कुंडू बघा. मुंबईच्या जेजे कॉलेजातून शिकल्या, ऑरोव्हिलला स्वतःचं वॉल हाऊस बांधलं, आणि २०१२ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या आर्किटेक्चरच्या मोठ्या प्रदर्शनात, त्या घराची खऱ्या मापाची प्रतिकृती उभी करायची ठरली तेव्हा भारतातून गवंडी घेऊन गेल्या. फोटो पाठवून भागलं असतं, मॉडेल ठेवून भागलं असतं. तुमच्या वेबसाईटवर "आमची टीम" म्हणून कोण आहे हो? तुम्ही दोघं, पांढऱ्या भिंतीसमोर, हाताची घडी घालून? मामा कुठायत?

मामांना फोटोत घ्याच, पण फोटोने कुणाचं पोट भरत नाही. ते का जातायत हे त्यांना विचारलंय का? माझा अंदाज, काम सलग मिळत नाही. तुमचा नवरा दोन कामं नाकारतो तेव्हा त्याला तत्त्वाचं समाधान मिळतं, मामांचे खाडे होतात. त्यांना महिन्याला किमान इतक्या हजेरीचे पैसे पक्के, काम असो नसो, असं काहीतरी ठरवा, कमी का असेना पण पक्कं. दुसरं, राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी आहे का बघा. त्यासाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं सर्टिफिकेट लागतं, ते तुम्ही देऊ शकता, वय १८ ते ६० च्या आत हवं. मुलांच्या शिक्षणापासून आजारपणापर्यंत बऱ्याच योजना त्या नोंदणीवर मिळतात आणि दरवर्षी रिन्यू करायला लागते, जी कुणाच्याच लक्षात राहत नाही. तुमच्या राहील, तुम्ही जीएसटीच्या तारखा पाळताय म्हणजे हेही पाळाल.

आणि तिसरं, धूळ. क्लायंटला क्वार्ट्झचा ओटा हवा असेलच, आजकाल सगळ्यांना हवा असतो, पांढरा, डाग न पडणारा. हा कारखान्यात बनवलेला दगड, त्यात बऱ्याचदा ९० टक्क्यांच्या वर सिलिका असते, ग्रॅनाइटमध्ये त्याहून बरीच कमी. कोरडा कापला की जी पांढरी भुकटी उडते ती थेट फुफ्फुसात जाऊन बसते, सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली, कापणारे तरुण कारागीर आजारी पडायला लागले म्हणून. आपल्याकडे पोरं बाल्कनीत बसून तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवतात आणि आत हॉलमध्ये "लो व्हीओसी पेंट (म्हणजे घातक वाफा कमी सोडणारा), मुलांसाठी सुरक्षित" असं ब्रोशर पडलेलं असतं. तुमची फर्म ग्रीन आहे का हे मी ब्रोशरवरून ठरवणार नाही, बाल्कनीत काय चाललंय त्यावरून ठरवेन. क्वार्ट्झ नाही म्हणा, कडप्पा नाहीतर ग्रॅनाइट सुचवा, आणि कापायचा तो पाणी मारत, रुमालाऐवजी चांगला एन-९५ मास्क, तो तुमच्या खर्चाने.

"सरांना फोन द्या" हे तर काय, घरोघरी मातीच्या चुली. यावर भाषण देत नाही, एक उपाय सांगते. शुक्रवारच्या मीटिंगला पैशाचं आणि तोडफोडीचं सगळं तुम्ही बोलायचं, नवऱ्याने फक्त ड्रॉइंगवर बोलायचं. क्लायंटने दराबद्दल त्याच्याकडे बघून विचारलं की त्याने "ते ही बघते" म्हणून गप्प बसायचं. हे आधी घरी ठरवून जा, कारण आर्किटेक्ट लोकांना गप्प बसायची सवय नसते. आणि एक कागद करा, एकाच पानाचा, आपण काय तोडतो आणि काय तोडत नाही. म्हणजे भिजून फुगलेलं प्लाय काढतो, गळकं बाथरूम उखडतो, चांगली लादी उखडत नाही, क्वार्ट्झ कापत नाही, मिवानच्या भिंतीला हात लावत नाही. त्यावर दोघांच्या सह्या, मामांनाही दाखवा, ते दोन मुद्दे वाढवतील बघा. मग पुढच्या वेळी काम नाकारायचं झालं तर तुमच्यात भांडण नको, तो कागदच क्लायंटला नाही म्हणेल. आणि कागदात बसणारं काम नवऱ्याला नुसत्या मूडवर नाकारता येणार नाही, हेही त्याला सांगा.

नोकरीचं विचारलंत. हप्ता थकायची वेळ आली असेल तर धरा, त्यात कमीपणा नाही, तुम्ही गेलात म्हणजे फर्म हरली असं काही नसतं. पण थकला नसेल तर नवीन फीवर आधी सहा महिने काढून बघा. मात्र एक अट, या सहा महिन्यांत तुमचा पगार दर महिन्याला फर्मच्या खात्यातून तुमच्या खात्यात गेला पाहिजे, ठरलेल्या तारखेला, उरलं तर वगैरे नाही. नवरा याला तयार नसेल तर मग ऑफर लेटरवर सही करा, मी तरी अडवणार नाही.

राहता राहिला शेणाचा पेंट. खादी ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये खादी प्राकृतिक पेंट म्हणून आणला तो, डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही मिळतात, आणि नाही, घराला गोठ्याचा वास येत नाही, ही भीती सगळ्यांनाच असते. आतल्या भिंतींना लावायला हरकत नाही, पण कुणाच्या सांगण्यावर क्लायंटच्या हॉलमध्ये थेट लावू नका. एक डबा आणा, तुमच्याच ऑफिसच्या सगळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर मामांकडून दोन हात मारून घ्या आणि एक पावसाळा जाऊ द्या. पांढरा घ्या, ओल लगेच दिसते.